टाळूची प्लेट

मी दातांची डॉक्टर. दिवसभर एक्स-रे, मोजमापं आणि प्लास्टरचे साचे. डोळ्यांना दिसतं आणि बोटांना लागतं तेवढंच खरं, या शिस्तीत वाढलेली. गूढ अनुभवांच्या या ग्रुपवर मी वाचायला यायचे तेही, खरं सांगायचं तर, गंमत म्हणून. एखादा किस्सा नवऱ्याला वाचून दाखवायचा आणि दोघांनी मिळून त्यातल्या फटी शोधायच्या. माझं मत आजही फारसं बदललेलं नाही. पण माझ्या वाट्याला एक गोष्ट आली आणि तिच्यातली फट मला अजून सापडलेली नाही... म्हणून लिहितेय. माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं नाव देणार नाही, कारण ज्यांची ही गोष्ट आहे ती माणसं तिथं राहतात.

मी मूळची लातूरकडची. नवरा हिंजवडीत आयटीत, म्हणून आम्ही जवळच नांदे गावात फ्लॅट घेतला. मी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात कन्सल्टंट ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणारी. पेशंट मला ‘तारवाल्या मॅडम’ म्हणतात. पण सरकारी दवाखान्यातलं माझं बरंचसं काम तारांचं नसतंच. टाळू दुभंगलेली बाळं जन्माला येतात. त्यांना दूध ओढता येत नाही, प्यायलं तर नाकातून बाहेर येतं, ठसका लागतो. अशा बाळाच्या टाळूचा साचा घेऊन मी गुलाबी अ‍ॅक्रिलिकची एक छोटी प्लेट बनवते. ती टाळूवर बसली की भोक झाकलं जातं आणि बाळ दूध पिऊ लागतं. पुढं वर्षभरानं ऑपरेशन होतं. तोवर त्या नखाएवढ्या प्लेटवर बाळाचा जीव असतो, असं म्हटलं तरी चालेल.

आठवड्यातून एक दिवस मी पौडला जाते. मुळशी तालुक्यातल्या लोकांना दर वेळी शहरापर्यंत यायला लागू नये म्हणून तिथल्या सरकारी दवाखान्यात माझी ओपीडी असते. एक खोली, एक खुर्ची, बाहेर व्हरांड्यात पेशंटना बसायला लाकडी बाक. मदतीला जगताप सिस्टर. सिस्टर पौडच्याच. निम्म्या तालुक्याला त्या चेहऱ्यानं ओळखतात.

त्या वर्षी होळीच्या आधी आमच्या नवजात विभागात एक मुलगी दाखल झाली. टाळू पूर्ण दुभंगलेली. सोबत आई नव्हती, आजी होती. पारूबाई. पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. मी आईची चौकशी केली तेव्हा म्हणाल्या, "सून मशीनवर हाय."

बाळंतपणात सुनेला झटके आले होते, मग रक्तस्राव झाला होता. बाळ आमच्याकडे आणि आई पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर. नवरा दत्ता तिच्यापाशी थांबलेला. डॉक्टरांनी त्याला आशा सोडू नको म्हणून सांगितलं होतं, पण कसल्या सुरात सांगितलं असेल ते मी ओळखू शकत होते. सुनेचं नाव सुवर्णा. मी तिला पाहिलेलं नव्हतं, हे आत्ताच सांगून ठेवते.

मी प्लेट बनवली. पारूबाईंना बसवायला शिकवली, काढायला शिकवली, धुवायला शिकवली. प्लेटला एक दोरा बांधलेला असतो, तो ओठाबाहेर राहतो. प्लेट घसरलीच तर दोरा ओढून काढायची. हे मी त्यांच्याकडून दोन-तीनदा करून घेतलं. हात थरथरत नव्हता त्यांचा. बाळाचं वजन वाढलं, तसं त्यांना घरी सोडलं.

पुढच्या पौडच्या ओपीडीला पारूबाई बाळाला घेऊन येणार होत्या. आल्या नाहीत.

त्या दिवशी गर्दी बरीच होती. दुपारचं जेवण व्हायच्या आधी शेवटचा पेशंट गेला आणि मी हात धुवून बाहेर आले, तर बाकावर एक बाई बसलेली. वयानं पंचविशीच्या आत-बाहेर. अंगावर साधी साडी, डोक्यावर पदर, हात मांडीवर जुळवलेले. चेहरा खूप थकलेला. मला बघून उभी राहिली.

"मॅडम, बाळाला बघायला चला."

"कुणाच्या बाळाला?"

"पारूबाईंची नात. तुमीच टाळूला ते गुलाबी बसवलंय न्हवं. ते घशाकडं सरकतंय. आत्याबाईंना कळंना झालंय."

मी म्हटलं, दोरा ओढून काढा, लगेच घेऊन या. ती म्हणाली, "दोरा न्हाई ऱ्हायला." आणि पुन्हा तेच — "चला तुमी."

बोलताना तिचे दात दिसले. आमच्या लोकांना खोड असते, माणसाचं नाव विसरतो पण दात विसरत नाही. तिचा वरचा, डाव्या बाजूचा मधून दुसरा दात मुळात नव्हताच. त्या जागी सुळा सरकून आलेला. उजव्या बाजूचा दुसरा दात होता, पण खुंटीसारखा बारीक. समोरच्या दोन दातांमधली रेषा डावीकडे कललेली. दुभंगलेल्या टाळूच्या बाळाच्या नातलगांत असे दात बऱ्याचदा बघायला मिळतात, त्यामुळं माझ्या मनानं लगेच ठरवून टाकलं की ही बाळाच्या रक्ताच्या नात्यातली कुणी. भाची असेल पारूबाईंची, आत्याबाई म्हणतेय म्हणजे.

माझ्याकडे दत्ताचा नंबर होता. लावला, तो बंद. मी तिला म्हटलं, "चल, गाडीत बस, रस्ता दाखव."

"तुमी व्हा म्होरं. मला लगीच न्हाई येता यायचं." आणि तिनं रस्ता सांगितला. माले गावाच्या पुढं गेल्यावर चिंचेखाली हापसा आहे, तिथनं आत वळायचं, शेवटचं घर.

आता विचार करते तेव्हा वाटतं, मी का निघाले? एरवी मी अशी कुणाच्या तोंडी निरोपावर ओपीडी सोडून जात नाही. ती रडत नव्हती, हातापाया पडत नव्हती. पण तिनं माझ्याकडं ज्या तऱ्हेनं बघितलं त्यात नाही म्हणायला जागाच नव्हती. मी जगताप सिस्टरना सांगितलं आणि गाडी काढली.

पौडच्या पुढं रस्ता मोकळा होता. भाताच्या खाचरांमध्ये पेरणीआधीचे राब भाजत होते, जळत्या पालापाचोळ्याचा धूर रस्त्यावर आलेला. चिंच दिसली, हापसा दिसला. शेवटच्या घरासमोर पारूबाई उन्हात सरपण रचत होत्या. मला बघून त्यांच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं.

"मॅडम? तुमी हितं कशा?"

"बाळ कुठंय?"

"आत्ताच निजलीया. सकाळधरनं लई किरकिर व्हती, घशात घरघर व्हती. आता गप झाली."

मी चपलांसकट आत गेले. बाळ झोळीत होतं. ओठांच्या कडेनं निळसर. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता आणि आवाज... शिट्टीसारखा, अगदी बारीक. तोंड उघडलं तर प्लेट आडवी होऊन मागं सरकलेली. दोरा नव्हता. मी करंगळी गालाच्या आतून मागं नेली, प्लेटच्या पलीकडे घातली आणि ओढून काढली. मग बाळाला हातावर पालथं घेऊन पाठीवर थापट्या दिल्या. काही क्षण काहीच झालं नाही. मग ती रडली. टाळू दुभंगलेल्या बाळाचं रडणं नाकातून येतं, ऐकायला विचित्र असतं. मला तेव्हा ते फार मोठं वाटलं.

पारूबाई दारात उभ्या होत्या. पदराचं टोक दातात धरलेलं.

"दोरा कुठं गेला, मावशी?"

"कापला," त्या म्हणाल्या. "बघाया येनारं परत्येक मानूस इचारायचं, तोंडातनं दोरा का लोंबतुया. माझ्याच्यानं बघवंना."

मी रागावले नाही. रागावण्यासारखं काही त्यांच्या चेहऱ्यावर उरलं नव्हतं.

टाळूला कडेनं जखम झाली होती, बाळानं सकाळपासून धड दूध घेतलेलं नव्हतं. मी दोघींना गाडीत घालून पौडला आणलं. तिथं ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. बाळाचा रंग परत आला तेव्हा कुठं मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. पारूबाई शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमाला सांगितलं कुनी?"

"तुमची भाची आली होती ना. इथंच बसली होती."

"मला भाची न्हाई."

"मग नात्यातली दुसरी कुणी असेल. आत्याबाईंना कळत नाहीये, म्हणाली."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "मला आत्याबाई म्हनली?"

"हो."

"मला आत्याबाई म्हननारी एकच हाय."

मला कळायला वेळ लागला. आमच्याकडंही जुन्या घरांतल्या सुना सासूला आत्याबाईच म्हणतात, मला हे सुचायला हवं होतं. त्यांनी विचारलं, दिसायला कशी होती. मी दातांचं सांगितलं, डावीकडचा दात नाही, उजवीकडचा खुंटीसारखा. पारूबाईंनी डोळे मिटले.

मग मी दत्ताला पुन्हा फोन लावला. या वेळी लागला. बाळाचं सांगितलं, ती आता ठीक आहे हेही सांगितलं, मग सुवर्णाची चौकशी केली.

"तसंच हाय मॅडम," तो म्हणाला. "मशीनवरच हाय. मी सकाळपास्नं काचंबाहेर बसलोय, फोन बंद ठेवाय लावत्यात."

आज काही वेगळं घडलं का, असंही मी विचारलं. काहीच नाही. तिथल्या सिस्टरनं तिचे केस विंचरून वेणी घातली, एवढंच म्हणाला.

तुम्ही म्हणाल, मला भास झाला. मलाही तेच बरं वाटलं असतं. म्हणून मी जगताप सिस्टरना विचारलं, मघाशी बाकावर बाई होती ती कोण? त्या औषधांच्या बाटल्या लावत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "ती होय? सकाळपासून बसली होती. मी म्हटलं केसपेपर काढून आण, तर म्हणाली मला न्हाई दाखवायचं, मॅडमशी बोलायचंय. तुम्ही गेल्यावर मी बघितलं तर नव्हती. आपल्या भागातली नाय वाटली, मी वळखलं नाय तिला." सिस्टरना मी पुढचं काही सांगितलं नाही. आजपर्यंत नाही.

संध्याकाळी बाळाला जिल्हा रुग्णालयात हलवताना पारूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "हे कुनापाशी बोलू नका. तिच्यापाशी तर न्हाईच."

"ती बरी झाली तरी?"

"बरी झाली तरी. आमच्याकडं लोकं येकाचे धा करत्यात. जित्या मानसाचं आसं कळलं तर तिच्या हातचं पानी पिनार न्हाईत. पोरगी मरनाच्या दारातनं आली, तर तिला नीट नांदू द्या."

मी शब्द दिला.

सुवर्णा वाचली. हळूहळू मशीन निघालं, मग नळ्या निघाल्या, मग ती घरी आली. पावसाळा सरता सरता ती बाळाला घेऊन माझ्या पौडच्या ओपीडीत आली. मागं पारूबाई. जगताप सिस्टर त्या दिवशी रजेवर होत्या. मी मान वर केली आणि... काय लिहू. अंगानं खूप वाळलेली, केस गळून विरळ झालेले. पण चेहरा तोच. तरी मी स्वतःला म्हटलं, थांब. चेहऱ्यात माणूस फसतो.

"दात बघू तुझे," मी म्हटलं. "टाळूचा दोष असला की आईचेही बघून ठेवते मी." हे खोटं नव्हतं, मी खरंच बघते.

तिनं तोंड उघडलं. डावीकडचा दुसरा दात नाही, सुळा त्याच्या जागी. उजवीकडचा खुंटीएवढा. मधली रेषा डावीकडं. मी तिच्या दातांचा साचा घेतला, का घेतला ते मलाच सांगता येणार नाही. तो पांढरा प्लास्टरचा साचा आजही माझ्या कपाटात आहे. माझ्या इतक्या वर्षांत असे दुसरे दात मी पाहिलेले नाहीत.

मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "याआधी आलीयेस का गं इथं?"

"न्हाई मॅडम. माझं म्हायेर घाटाखाली, मानगावाकडं. लगीन झाल्यावर दिस ऱ्हायले आन् ह्ये आसं झालं. पौडात मी बाजारालासुदिक आले न्हाई."

"आजारपणातलं काही आठवतं?"

तिनं विचार केला. "काय बी न्हाई. झटका आला तवा आत्याबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं, तेवढं आठवतंय. मग डोळं उघडलं तर वर पांढरी टूब." मागं उभ्या पारूबाई माझ्याकडं बघत होत्या. मी दुसऱ्या विषयाकडं वळले.

नवऱ्याला मी हे सगळं सांगितलं आहे. तो हसला नाही, त्यानं त्याच्या पद्धतीनं एकेक शक्यता काढली. जुळी किंवा सख्खी बहीण? मी चौकशी केली, सुवर्णा एकटीच मुलगी आणि पाठीवर दोन भाऊ. गावातली कुणी शेजारीण असेल आणि दात मी नंतर मनानं जोडले असतील? पण दातांचं वर्णन मी पारूबाईंना त्याच दुपारी केलं होतं, सुवर्णाला बघायच्या कितीतरी आधी. लग्नाचा फोटो त्या घरात पाहिला असेन? फोटो आहे. त्यात ती ओठ घट्ट मिटून उभी आहे. दात वाकडे असलेल्या मुली फोटोत असंच करतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत. आणि मी ते घर पाहिलं तेच मुळी तिनं रस्ता सांगितल्यावर. जी बाई दवाखान्यातच कधी आली नव्हती, तिनं मला दवाखान्यातून घराचा रस्ता सांगितला. इथं येऊन नवरा थांबतो. मीही थांबते.

मुलीचं टाळूचं ऑपरेशन वेळेवर झालं, छान झालं. ती बोलायला शिकली. अजून ‘प’ आणि ‘ब’ नाकातून येतात म्हणून आमच्याकडं तिला स्पीच थेरपीला आणतात. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका खेपेला मुलगी पलीकडच्या खोलीत थेरपिस्टसमोर गाल फुगवत बसली होती आणि सुवर्णा माझ्यापाशी येऊन बसली. आता अंगानं भरली होती, केस परत आले होते. पलीकडून मुलीचा आवाज येत होता. पप्पा, पापड, बाबा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली,

"मॅडम, एक मनात लई दिस हाय. हिला पैल्यांदा दूध आत्याबाईंनी पाजलं. हिचा जीव जायला लागला तवा तुमी धावला. समदी व्हती हिच्यापाशी. मी आई आसून कुटं व्हते? मशीनवर पडलेली. उद्या ही मोठी व्हईल, इचारंल, आई तवा तू कुटं व्हतीस. मी काय सांगू?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते सगळं आधीच कधीतरी घरी रडून झालेलं असावं. दारात पारूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, नातीची पिशवी खांद्याला. त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान हलवली नाही. हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही.

"होतीस गं तू," मी म्हणाले. "तू होतीस तिथं."

सुवर्णा माझ्याकडं बघत राहिली. क्षणभर मला वाटलं तिला काही उमजलं, काही आठवलं. पण मग ती हसली. लोक धीर द्यायला बोलतात ते ऐकून माणूस हसतं तशी.

"तुमी लई चांगलं बोलता मॅडम. तेवढ्यानं बी बरं वाटतं." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मुलीला आणायला पलीकडं गेली.

पारूबाई दारातच होत्या. त्या आत आल्या, माझ्या टेबलावर हात टेकून जरा वेळ उभ्या राहिल्या. काहीतरी बोलतील असं वाटलं, पण तेवढ्यात नात पळत आली आणि त्यांच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आजी, पापड." अगदी स्वच्छ, ओठांतून आलेला ‘प’. पारूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चला, येष्टी जाईल," म्हणाल्या, आणि तिघी निघाल्या.

मी सुवर्णाशी खोटं बोलले नाही, एवढं मला ठाऊक आहे. मग खरं काय घडलं, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.